गजभियेकाकांचं वाचनालय

गजभियेकाका गेल्याचं त्यांच्या शेजारणीनं, ग्वेननं, फोन करून कळवलं. मी कार्डिफहून लंडनला ऑफिसच्या मीटिंगला निघाले होते. "ही वॉज इन हिज चेअर, लव्ह," एवढंच ती बोलली. पुढच्या स्टेशनवर मी उतरले. परतीच्या गाडीला चाळीस मिनिटं होती. फलाटावर बसून कुणाकुणाला कळवायचं ते आठवू लागले आणि लक्षात आलं, कळवायला कुणीच नाही. कुसुमकाकू आठ वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी मला किचन मागे वाढवायचं होतं. कौन्सिलमधून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, रिटायर झालेले एक नागपूरचे गृहस्थ प्लॅन बघून देतात, असं कुणीसं सांगितलं. काका आले, पण कागद बाजूलाच ठेवला. खिडकी येणार होती त्या जागी, गवतात खुर्ची मांडून बसले. "एवढी उंच काहून? भाजी चिराले बसशीन तं नुसती भिंत दिसन तुले." खिडकी दीड फूट खाली आली.

मग हळूहळू कळत गेलं, की तरुणपणी हा माणूस अमेरिकेत एका नामांकित आर्किटेक्टच्या ऑफिसात नऊ वर्षं होता. काका त्याला 'म्हातारा' म्हणायचे. पन्नाशीपर्यंत म्हाताऱ्यानं कारखान्यांच्या शेडच बांधल्या होत्या. मग एका लहानशा गावाला विटांचं वाचनालय बांधून दिलं आणि देशभर नाव झालं. त्या वाचनालयातला खिडकीलगतचा लांब बाक, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर नेमकी काच येईल असा, काकांनी काढलेला होता. पुढे काकूंना कार्डिफच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि काका मागोमाग आले. इथे त्यांची पदवी पुरेना, नव्यानं परीक्षा द्यायच्या राहून गेल्या. बावीस वर्षं त्यांनी लोकांच्या लॉफ्टचे आणि गॅरेजचे नकाशे तपासले. "वाईट नाही वाटत?" मी एकदा विचारलं. "म्हातारा पन्नाशीत सुरू झाला ना. म्हणून मीबी थांबलो होतो... मग साठी आली."

दोन वर्षांपूर्वी त्या आर्किटेक्टवर एक जाडजूड पुस्तक आलं. मी हौसेनं मागवलं, काकांकडे घेऊन गेले. त्यात ऑफिसातल्या मंडळींचा फोटो होता, खाली सगळ्यांची नावं. डावीकडून चौथ्यापुढे लिहिलं होतं, 'अनोळखी'. डोक्यावर दाट केस असलेले काका त्यात हसत होते. "चहा टाकतो," म्हणून ते आत गेले, ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. नळाचं पाणी तेवढं वाहताना ऐकू येत होतं.

मी त्यांना न विचारता, काकांबद्दल आणि त्या बाकाबद्दल लिहून, त्या वाचनालयाला ईमेल केली. सांगितल्यावर ते रागावले, पंधरा दिवस फोन उचलला नाही. पण उत्तर आलं. तिथल्या रेचेल नावाच्या ग्रंथपाल मुलीला तळघरात जुने नकाशे सापडले होते, बाकाच्या नकाशाच्या कोपऱ्यात पी. एस. जी. अशी काकांची आद्याक्षरं होती. तोवर काकांना विमानप्रवास जमणारा नव्हता. मग यंदाच्या एका रविवारी दुपारी त्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही व्हिडिओ कॉल लावला. रेचेल फोन हातात धरून खोलीभर फिरली, कमानी दाखवल्या, छत दाखवलं. काका अस्वस्थ. शेवटी म्हणाले, "वुड यू सिट डाउन, प्लीज?" ती बाकावर बसली आणि तिनं फोन डोळ्यांशी धरला. काचेपलीकडे मेपलची झाडं, ओला रस्ता, कुत्र्याला फिरवणारी एक बाई. काका कितीतरी वेळ बघत राहिले. मग "बरोबर हाय," असं हळूच म्हणाले. रेचेलला ते कळलं नाही.

त्यानंतर महिनाभरात ते गेले. अंत्यविधीला आम्ही सातजण होतो. लंडनजवळच्या स्लाऊहून आलेल्या एका गृहस्थांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, आम्ही बाकीचे चाचरत मागे म्हणत राहिलो.

आठवड्यानं रेचेलची ईमेल आली. बाकाजवळ काकांचं नाव लावायचं ठरलं होतं, पूर्ण नाव हवं होतं. एस म्हणजे काय? बारा वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायले होते, आणि मला ठाऊक नव्हतं. ग्वेनला ठाऊक नव्हतं. कौन्सिलच्या सगळ्या पत्रांवर नुसता एस. शुक्रवारी फ्लॅट रिकामा करून द्यायचा होता. गुरुवारी काकूंच्या कपाटात, साड्यांच्या खाली, लग्नाचा दाखला सापडला. प्रभाकर सोनबा गजभिये. वडिलांविषयी काका कधी बोलले नव्हते, मीही विचारलं नव्हतं. एकेक अक्षर तपासून मी ते नाव अमेरिकेला पाठवलं. मग त्या खोलीत उभी राहून ते सबंध नाव एकदा मोठ्यानं वाचलं.