ट्रकच्या काचेवरचं कॉलेज

छपरं घालणाऱ्या वॉल्ट डोम्ब्रोस्कीचा अमेरिकेतल्या स्क्रँटन शहरातला दिवस पहाटे चारला सुरू होई. त्या डिसेंबरात त्याच्या मुलीची, थियाची, एका छोट्या कॉलेजात निवड झाली. निवडलंत तर तुमच्याकडेच येईन, असं तिनं अर्जातच सहीनिशी कबूल केलं होतं. वॉल्टनं लगेच कॉलेजचं स्टिकर ट्रकच्या मागच्या काचेवर चिकटवलं.

आठवड्यानं शेजारच्या ब्रेंडनला नामांकित विद्यापीठ मिळालं.

“डॅड, ते स्टिकर काढ ना. त्या कॉलेजचं नाव कुणी ऐकलेलंसुद्धा नाही. मी नकार कळवते आणि मोठ्या ठिकाणी अर्ज करते.”

“कॉलेज बघायला गेलो तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेतून तू निघता निघत नव्हतीस. मी खाली हॉर्न वाजवून दमलो.”

“तेव्हा ब्रेंडनचा निकाल लागला नव्हता.”

“म्हणजे कॉलेज तेच आहे, बदलला तो ब्रेंडन!” वॉल्टनं तिच्या हाती खरवडायचं पातं दिलं. “शब्द तुझा आहे. मोडायचा तर तूच खरवड.”

थिया पातं घेऊन बाहेर बर्फात ट्रकमागे जाऊन उभी राहिली. काचेवरचं नाव वाचताना तिला ती प्रयोगशाळाच आठवत राहिली. तिनं स्टिकरवरचा बर्फ तेवढा पुसला आणि आत येऊन म्हणाली, “तिथंच जाते.”

वॉल्टनं उन्हाळाभर छपरं घातली. त्या मजुरीतून थियाच्या पहिल्या सत्राची फी भरली गेली.