देवदूताचं बोट आणि अळणी पाव

सिएनाच्या त्या चढाच्या गल्लीत प्रार्थनाघराची किल्ली सेत्तिमिया बालदुच्चीकडे असे. चित्रं बघायला आलेले परदेशी तिच्या दारावरची घंटा वाजवत. ती हाताचं पीठ झटकत खाली येई, कुलूप काढी, भिंतीवरचा मारियेला शुभवार्ता सांगणारा देवदूत दाखवी आणि कुणी न विचारता सांगे, "आता कोपऱ्यावर जाऊन हातानं वळलेल्या जाड शेवया खा. पाव अळणी लागला तर तोंड वाकडं करायचं नाही. आमचा पाव असाच असतो. मीठ हवं असेल तर रोमला जा!"

पावाबद्दल ती अशी हळवी असण्याला कारण होतं. दर मार्चमध्ये, देवदूताच्या सणाच्या आदल्या दिवशी, ओरेस्तेच्या बेकरीतला शिळा पाव आणून त्याच्या मऊ गरानं ती स्टुलावर चढून भिंतीवरची मेणबत्त्यांची काजळी टिपायची. हे तिला सासूनं शिकवलेलं. "भिंतीला मीठ म्हणजे विष," असं म्हातारी बजावायची. सासू तशी खाष्ट, पण या बाबतीत तिचा शब्द प्रमाण. अडतीस वर्षं हे चाललं होतं, आणि पाद्रीबुवांना त्याचा पत्ता नव्हता.

दोन वर्षांपूर्वी ओरेस्ते आजारी पडला, बेकरी आठ दिवस बंद राहिली. सुनेनं बोलोन्याहून आणलेला पाव घरात होता. सेत्तिमियानं तोच वापरला. निम्मं काम झाल्यावर एक तुकडा सवयीनं तोंडात टाकला, तर चांगला खारट! पुढच्या हिवाळ्यात देवदूताच्या बोटांवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसू लागलं. तेव्हापासून तिला घास गोड लागेना.

आता नगरपालिकेनं भित्तिचित्रं दुरुस्त करणारी लुदोविका पाठवली होती. पोरसवदा दिसायची, पण नजर भारी तिखट. परांच्या बांधून आठवडाभर ती भिंत ठोकत, हुंगत होती. सेत्तिमियानं मन मोकळं केलं ते फक्त ओरेस्तेपाशी. तो म्हणाला, "गप्प राहा गं, सेत्तिमिया. छपराला दोष देतील, संपलं. सांगशील तर किल्ली जाईल."

"आणि चुकीचं औषध झालं तर? बोटं देवदूताची जाणार, तुझी नाही!"

ती तडक प्रार्थनाघरात गेली आणि परांचीखालूनच ओरडली, "पोरी, ते मी केलंय!" मग सासू, पाव, मीठ, सगळं एका दमात सांगून टाकलं आणि किल्ली पुढे धरली.

लुदोविका खाली उतरली. मग म्हणाली, "सिन्योरा, एका दिवसाच्या पावानं एवढं होत नाही. हे मीठ भिंतीतलं आहे, छपरातून ओल उतरतेय."

सेत्तिमियाचा जीव भांड्यात पडला.

"पण करंगळीचा रंग गेलाय ना, तो तुमच्या हातानं. तुम्ही इतकी वर्षं जपून जपून घासलंत ना, त्यानं. तो परत येणार नाही."

सेत्तिमिया मटकन बाकावर बसली. खारट पावाचं पाप तिनं पचवलं असतं. पण मायेनंच घात केला, हे तिला सोसवेना. ती ढसाढसा रडली.

"अहो, रडू नका," लुदोविका शेजारी टेकली. "मी शंभर भिंती पाहिल्यात. प्रत्येकीवर कुणीतरी हात फिरवलेला असतो, आणि विचारलं की सगळे हात वर करतात. कबूल करणाऱ्या तुम्ही पहिल्याच. कशानं घासलं ते कळलं, म्हणून उरलेली चार बोटं मी वाचवू शकेन. किल्ली तुमच्याकडेच ठेवा, वरिष्ठांना मी सांगते. पाव मात्र आता फक्त खायचा!" मग ती उठली. "गुडघे चालतात का? चला वर."

आयुष्यभर सेत्तिमियानं देवदूताचा चेहरा मान वर करूनच पाहिला होता. स्टुलावरून हात जेमतेम बोटांपर्यंत पोचे. आज तो अगदी समोर होता. गाल तिला वाटत होते त्याहून गुबगुबीत निघाले, आणि डाव्या गालावर चितारणाऱ्याच्या ब्रशचा एक केस रंगातच चिकटून राहिला होता, पाचशे वर्षांपासून. तो काढायला तिचा हात आपोआप पुढे झाला. तिनं हात मागे घेतला, पाठीशी दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला आणि म्हणाली, "फार उपकार झाले, पोरी. मला अजून थोडा वेळ इथं उभं राहू दे."