कुंपणाबाहेरचा बेडूक

मी भुईगाव सोडलं ते दोन हजार सात सालच्या एप्रिलात, ऐन दिवेलागणीला. विमानतळावर नेणारी जीप वाडीच्या तोंडाशी उभी होती, सामान चढलं होतं, आत्या पदराने डोळे पुसत होती आणि माझी सात वर्षांची रेवा दाराआडून बाहेर यायला तयार नव्हती. विहिरीजवळचा मोगरा भरून आला होता. वाटलं, चार कळ्या रुमालात बांधून न्याव्यात. हात पुढे केला तोच मागून आप्पांचा आवाज आला, "दिवे लागले. आता झाडाला हात नको."

आप्पा म्हणजे माझे वडील. सगळं घर त्यांना आप्पाच म्हणायचं, रेवासुद्धा. आणि तो नियम मी जन्मल्यापासून ऐकत आले होते. दिवे लागले की झाडं झोपतात. मग फूल तोडायचं नाही, पान खुडायचं नाही. पुष्कळ घरांत हे पाळतात, पण आप्पांनी ते पार पाण्यापर्यंत ताणलं होतं. पंप बंद, पाट बंद, खुरपं खुंटीला. तरीही, लेक एवढ्या लांब चालली असताना चार कळ्यांसाठी नियम दाखवावा, हे मला फार लागलं. मी हात मागे घेतला आणि जीपमध्ये जाऊन बसले. तो राग मी पुढे वर्षभर जपला. परक्या देशात माणसाला जपायला काहीतरी लागतंच.

जायचं कारण साधं होतं. रेवा दोन वर्षांची असताना तिचे वडील गेले आणि मी माहेरी परतले. वसईतल्या एका नर्सिंग होममध्ये कामाला जात होते. वाडीवर भिस्त ठेवण्याचे दिवस संपत आले होते. तिकडे नायगावला, बोळिंजला इमारती उठत होत्या, टँकर आमच्याच भागातल्या विहिरींचं गोडं पाणी भरून नेत होते आणि आमच्या विहिरीचं पाणी दरवर्षी थोडं आणखी मचूळ लागत होतं. पानवेल आधी गेली, मग केळी किरकोळ होऊ लागल्या. कॅनडात वृद्धांच्या एका निवासात काम मिळतंय म्हटल्यावर मी हो म्हणून टाकलं. लेकीचे कागद मागाहून व्हायचे होते. आप्पा एवढंच म्हणाले, "म्हातारी माणसं सांभाळायला तिकडे जातेस? इथे काय कमी पडलीत?" मी हसण्यावारी नेलं. ते हसले नव्हते.

टोरांटोच्या बाहेर एका बेसमेंटमध्ये राहायला लागले. काम रात्रपाळीचं. सकाळी शिफ्ट सुटायची, दोन बस बदलून साडेआठला घरी पोचायचे, तेव्हा भुईगावात संध्याकाळचे सहा झालेले असायचे. रेवाशी बोलायचं तर तेवढाच वेळ हाताशी. फोनवर पोरगी काही केल्या बोलत नसे. "जेवलीस?" "हो." "शाळेत काय झालं?" "काही नाही." आत्याचंही तेच, तब्येत विचारून फोन पुढे द्यायची. आप्पा तर फोनला हातच लावायचे नाहीत.

मग निवासातल्या एका सहकारिणीने एक खेळ दाखवला. लहान मुलांसाठी इंटरनेटवर उभारलेलं एक गाव होतं ते. त्यात मुलांनी प्राणी होऊन फिरायचं, घसरगुंडीच्या मैदानात खेळायचं, बाग लावायची आणि खेळता खेळता बेरजा-गुणाकार नि इंग्रजी शिकायचं. बाग दोघांनी मिळून करायची असे. एकाने वाफ्यात रोप लावायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने पाणी घालायचं, तरच ते रुजायचं. मी वसईतल्या मैत्रिणीकरवी जुना कॉम्प्युटर घरी बसवून घेतला, फोनच्या तारेवर नेट आलं आणि मे महिन्यात आमची बाग सुरू झाली.

रेवा बेडूक झाली, लाल टोपीचा. माझ्यासाठी तिनेच अस्वल निवडलं. त्या गावात मनाला येईल ते लिहिता यायचं नाही. मुलांना कुणी काही वावगं बोलू नये म्हणून तयार वाक्यांची एक पेटी होती, तीच वापरायची. 'हॅलो फ्रेंड', 'लेट्स प्ले', 'गुड जॉब', 'कम विथ मी', 'हेल्प मी', 'बाय'. मराठी शाळेत दुसरीत जाणारी माझी मुलगी तेवढं इंग्रजी आठवड्यात शिकली. फोनवर 'हो' आणि 'काही नाही' यापलीकडे न जाणारी पोर तिथे माझ्याभोवती उड्या मारत 'गुड जॉब, गुड जॉब' करायची. एका वाफ्यात सहा रोपं, चार वाफे, किती रोपं लागतील, असं खेळ विचारायचा आणि उत्तर बरोबर आलं की बेडूक कोलांटी घ्यायचा. बेसमेंटमध्ये, अंगावर कामाचाच युनिफॉर्म ठेवून, मी त्या कोलांटीसाठी रडले आहे. जे माझ्यासारखे मुलं मागे ठेवून गेले, त्यांना हे सांगायला नको. जे मागे राहिले, त्यांना सांगते: आम्ही तिकडे मजेत नव्हतो.

गणपती झाले आणि काहीतरी बिघडलं. रेवा आधी तासभर थांबायची, ती अर्ध्या तासात 'बाय' करू लागली. मग वीस मिनिटांत. ऑक्टोबरात तर दोन रोपं लावून व्हायच्या आत बेडूक बागेच्या फाटकातून बाहेर. नोव्हेंबरात इथली घड्याळं एक तास मागे करतात. माझे साडेआठ वाजायचे तेव्हा आता तिकडे सात वाजलेले असायचे. त्या दिवसापासून ती बागेत आलीच नाही. यायची रोज, पण कुंपणाबाहेर उभी राहायची. मी 'लेट्स प्ले' म्हटलं की ती 'कम विथ मी' म्हणायची. मी 'हेल्प मी' म्हटलं की पुन्हा 'कम विथ मी'. मला राग यायचा. रात्रभर लोकांचे आईबाप उलटेपालटे करून, अंथरुणं बदलून मी आमच्या बागेसाठी जागी राहते, आणि ही मला घसरगुंडीवर बोलावते. मी गेले नाही. एकटीनेच पाणी घालत बसायचे, ती बाहेरून बघत राहायची. दुसऱ्याने रोप लावल्याशिवाय काही रुजत नसे, हे तिला माहीत होतं.

एका रविवारी फोनवर विचारलं, "का गं बागेत येत नाहीस?"

"आप्पा नको म्हणतात," ती म्हणाली.

"का?"

तिने फोन आत्याकडे दिला. तिला प्रश्नच कळला नसावा, हे आज कळतं. त्या घरात त्याचं कारण कुणाला विचारावं लागत नसे. मला मात्र तेव्हा लख्ख काही समजल्यासारखं झालं. ज्या माणसाने जाताना मला चार कळ्या घेऊ दिल्या नाहीत, तो आता माझ्या पोरीला माझ्यापासून तोडतोय. त्यांना मी जायला नकोच होतं. आता पोरीला असं काही करून ठेवतील, की कागद झाले तरी ती यायची नाही. रेवा हातातून जाईल ही धास्ती मला झोपू देत नव्हती आणि त्या धास्तीला मी आप्पांचं नाव देऊन टाकलं. विचारलं असतं, तर एका वाक्यात मिटलं असतं. पण विचारायला कमीपणा वाटणं ही आमच्या घरची खोड आहे, ती माझ्यात आप्पांकडूनच आली.

फेब्रुवारीत एका सकाळी माझं डोकं फिरलं. आदल्या रात्री निवासातले एक आजोबा माझा हात धरून, मला मुलीच्या नावाने हाका मारत गेले होते. घरी येऊन कॉम्प्युटर लावला. बेडूक कुंपणाबाहेर. 'कम विथ मी'. मी उपटायचं बटण दाबलं आणि एकेक रोप काढून टाकलं. उन्हाळ्यात दोघींनी लावलेलं सगळं, सूर्यफुलं, भोपळे, गाजरं, चारही वाफे. बेडूक जागचा हलला नाही. शेवटचं रोप काढून मी त्या गावातून बाहेर पडले आणि घरी फोन लावला. "आप्पांना दे," मी आत्याला म्हणाले. ते आले. मी म्हटलं, "माझ्या मुलीला माझ्यापासून तोडू नका. जमलं तर एवढं करा." ते "बरं," म्हणाले आणि फोन आत्याकडे गेला.

मार्चात इथली घड्याळं पुन्हा पुढे गेली, पण तोवर मी त्या बागेत जाणंच सोडलं होतं.

जूनमध्ये कागद झाले आणि मी रेवाला आणायला भुईगावला गेले. अकरा दिवस राहिले. आप्पांशी लागेल तेवढंच बोलले, ते मुळी बोललेच नाहीत. विहीर वापरण्यासारखी उरली नव्हती. मोगऱ्याची दोन झाडं तेवढी ते लांबून कळशीने पाणी आणून जगवत होते. निघायच्या दिवशी रेवाने त्यांच्या कमरेला मिठी मारली ती सुटेना. मी ती सोडवली, एकेक बोट करून. जीपमध्ये बसताना मागे वळून पाहिलं नाही, कारण मी जिंकले होते. असं मला खरोखरच वाटत होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

ऑक्टोबरात आप्पा गेले. आत्याने दुपारी पाहिलं तर विहिरीच्या काठाशी बसल्या जागीच. मला रजा मिळाली नाही; मिळाली असती तरी वेळेवर पोचले नसते. रेवा रडली नाही. दोन दिवस तिने मला हात लावू दिला नाही.

मग नोव्हेंबरातली एक संध्याकाळ. इथे तेव्हा पाचलाच अंधार पडतो. मी चहा ठेवला होता आणि खिडकीतल्या कुंडीतला पुदिना खुडायला गेले. रेवा अभ्यास करत होती. वर न बघता म्हणाली, "आई, दिवे लागले ना."

मी म्हटलं, "अगं, इथे कसलं आलंय ते? आणि कुंडीच तर आहे."

"आप्पा म्हणायचे, झाड ते झाड. कॉम्प्युटरमधलं पण."

गॅसवर पाणी उकळत राहिलं. मी हात मागे घेतला, तिच्यासमोर खाली बसले आणि एकेक करून विचारलं. तिने सगळं सांगितलं, शाळेतली गोष्ट सांगावी तसं. आप्पा रोज खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसायचे. उन्हाळ्यात उजेड असायचा तोवर खेळू द्यायचे, रोपं फार जवळ लावतेस म्हणून ओरडायचे. मग दिवस लहान होत गेला, आत्या देवाजवळ दिवा लावायची आणि आप्पा सांगायचे, आता हात नको. बागेत जाऊ नको, आईला बाहेरून बघ. म्हणून ती मला घसरगुंडीवर बोलावत होती. तिथे झाडं नव्हती. दुसरं सांगायला त्या पेटीत वाक्यच नव्हतं. पुदिना तसाच राहिला. भुईगावात दिवस आधी मावळत गेला, आणि इकडे मी पोरीची माया आटतेय असं मोजत बसले होते.

आत्याही आता नाही. वाडी भावकीने इमारतीसाठी दिली, त्या कागदांवर माझीही सही आहे. तो मुलांचा खेळ चालवणाऱ्यांनी कधीचाच बंद केला, त्यामुळे उघडून बघावी अशी तीही बाग उरली नाही. लोक विचारतात, घरची आठवण येते का? घर कुठलं विचाराल तर मी आता वेळ सांगते. इथली हिवाळ्यातली सकाळ, साडेआठ-नऊची. कामावरून येते, खिडकीपाशी उभी राहते. तिकडे दिवे लागलेले असतात. इथे लख्ख उजेड असतो, तरी मी कुंडीला पाणी घालत नाही.

एक गोष्ट विचारायला मात्र मला फार वर्षं लागली. रेवा आता मोठी झाली, तिचं मराठी मोडकं झालं आहे, पण आप्पांची वाक्यं तिला त्यांच्याच आवाजात येतात. गेल्या हिवाळ्यात धीर करून विचारलं, "मी ती बाग उपटली, तेव्हा आप्पा होते का तिथे?"

"होते ना. शेजारीच."

"काय म्हणाले?"

"मी रडायला लागले. म्हटलं, आप्पा, दिवे लागलेत आणि आई झाडं काढतेय. तर म्हणाले, तिला काही बोलू नको गो. तिच्याकडे सकाळ आहे. तिला चालतं."