काच शाबूत आहे, आत्या

माझ्या आत्याने भर चर्चमध्ये कोंबड्याची मान उडवली होती.

काल सकाळी ती गेली. दुकानातला फ्रीज पुसता पुसता खाली बसली, ती उठलीच नाही.

मी हे चौथ्यांदा लिहितेय. तीनदा पुसलं. तिच्याबद्दल फक्त गोड लिहिलं तर ते खोटं होईल, म्हणून सगळं लिहिते.

आत्याच्या नवऱ्याने तिची शिलाई मशीन विहिरीत टाकली. मग तिचा हात मोडला.
ती कडावला आमच्या घरी आली, ती कायमची.

तेव्हा मी शाळेत जात नव्हते. फाटकापाशी पोचले की मला उलटी व्हायची. बाबांनी घरीच बाराखडी शिकवली. पाव, अर्धा, पाऊण आत्याने शिकवलं, तिच्या चिकनच्या दुकानातल्या तराजूवर.

ते तिचं पहिलं दुकान. कडाव नाक्यावर.
एका फार्महाऊसची मोठी ऑर्डर मिळाली, त्याच दिवशी तिने कोंबड्या कापायचा सत्तूर घेऊन काउंटरची काच फोडली. मग फळी, मग तराजू. माझ्यासमोर.

बाबांनी विचारलं, "वेडी झालीस का गं?"
ती म्हणाली, "मोडनारच हाय कुनीतरी. मंग मीच मोडते."

दुसरं दुकान लोधिवलीला. तेही चालायला लागलं.
एका दुपारी तिने पिंजऱ्यांची दारं उघडली आणि सगळ्या कोंबड्या जुन्या हायवेवर हाकलल्या. ट्रक कोंबड्यांसाठी थांबत नाहीत. बाबा पोचले तेव्हा डांबरावर पिसं चिकटलेली होती आणि आत्या कडेला बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होती.

एक कोंबडा वाचला. लंगडा. तो तिने घरी आणला. आपल्या ताटातला भात त्याला घालायची आणि स्वतः दुसऱ्याच्या दुकानात रोजावर कोंबड्या कापायला जायची.

आई-बाबा कर्जतच्या मंडळीत, म्हणजे चर्चला, जायचे. आत्या यायची नाही. "तुमचा येशू गरीब मानूस. माझ्या हातात सापडला तर त्याचंबी काय तरी मोडेल."

पण त्या वर्षी हंगामाच्या सणाला ती आली. लोक पहिलं पीक, अंडी, भोपळे आणतात आणि त्याचा लिलाव होतो. आत्याने तो लंगडा कोंबडा आणला. तिच्याकडे आणायला दुसरं काहीच नव्हतं. कामावरून सरळ आली होती, पिशवीत सत्तूर तसाच.

लिलाव योना काका करायचे. "बघा रं, लंगडा हाय, पळून जायाचा नाय. आरवतो मात्र पाळकांच्या प्रवचनापेक्षा वेळेवर."
सगळे हसले. आत्यासुद्धा थोडी.

बोली चढली. ज्याने घेतला त्याने कोंबडा परत टेबलावर ठेवला. पुन्हा बोली. दुसरीने घेतला, तिनेही परत ठेवला. पुन्हा तेच.
आमच्यात अशीच रीत आहे. घेतलेली वस्तू परत लिलावाला द्यायची, म्हणजे देवाच्या कामाला जास्त मिळतं.

आत्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

ती उठली. "माझा कोंबडा कुनालाच नको? माझ्या हाताचं इख वाटतं काय तुमाला?"

आणि टेबलावरच घाव घातला.

पांढऱ्या चादरीवर रक्त उडालं. पुढच्या बाकावरची पोरं किंचाळली. कोंबडा मान नसताना फडफडत भोपळ्यांवर जाऊन पडला. कुणीतरी म्हणालं, "हिला बाहेर काढा."

चर्चच्या पाळकांची बायको, आमच्या पाळकबाई, उठल्या. पदर खोचला. कोंबडा पाय धरून उचलला.
"मोठं पातेलं कुणाकडं हाय? आणि मसाला?"
मग आत्याकडे बघून, "कापलायस ना? मंग साफबी तूच कर. चल."

अंगणात चूल पेटली. आत्या पिसं काढत होती. पाळकबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "परत देत होते ते नको म्हणून नाय गं बाई. परत परत हवा म्हणून."

आत्याच्या हातातलं पीस हातातच राहिलं.

सगळी मंडळी रांगेत बसली. प्रत्येकाला नखाएवढा तुकडा आणि रस्सा. आत्या जेवली नाही. शेवटी माझ्याकडे आली.
"कुनी टाकलं का गं?"
"नाही. योना काकांनी हाडंपण चोखली."

ती चुलीपाशी बसून रडली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

येशूने तिला एका दिवसात बदललं असं मी लिहिणार नाही. त्यानंतरही आमच्या घरातली दोन दारं तिने फोडली. पण ती मंडळीत येत राहिली. कर्जतला तिसरं दुकान काढलं, तेव्हा रोज सकाळी शटर उघडून काचेवर हात ठेवायची आणि एवढंच म्हणायची, "प्रभू, हात धर."

दुकान चाललं. फार्महाऊसवाले परत आले. कामाला तिने दोघी ठेवल्या, दोघी नवऱ्याचा मार खाऊन निघालेल्या.

मग एकदा तिचाच नवरा आला. पिऊन. हातात दगड.
आत्या काचेसमोर उभी राहिली. दगड तिच्या भुवईवर बसला.
सत्तूर तिच्या हातापासून वीतभर होता. तिने घेतला नाही. रक्त न पुसता पोलीस स्टेशनला चालत गेली.

टाके घालताना मला म्हणाली, "धरला गं त्यानं हात. दोनी हातांनी धराया लागला त्याला."

आज दुपारी तिला माती दिली. तिथून मी दुकानात आले. दुकान आता मी चालवायचं, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

शटर उघडलं. शाळेच्या फाटकापाशी थबकायचे तशीच थबकले. मला हे जमणार नाही. माझ्याकडून हे मोडणारच. मग आजच का नको.
दोन किलोचं वजन मी हातात घेतलं होतं. हात वर गेला होता.

"प्रभू, हात धर."

हे मीच म्हणाले. मग वजन तराजूत ठेवलं. फडकं ओलं केलं आणि काच पुसली. तुझ्या बोटांचे ठसे होते, आत्या. तेवढा कोपरा सोडला.

उद्या सकाळी दुकान उघडं आहे.

जा आता. निवांत जा.