घ्या आता

युद्धामुळे कारखान्यात जादा पाळ्या लागल्या होत्या आणि माझी कावीळ हटत नव्हती. शेवटी सुईनं यकृताचा तुकडा काढून तपासायचं ठरलं.

इस्पितळातला म्हातारा वॉर्डबॉय प्रत्येक पेशंटच्या उजव्या बरगडीवर थंड तळहात ठेवायचा. "श्वास सोडा भैया. मी सांगेपर्यंत घेऊ नका. यकृत हललं तर सुई फाडते." मग स्वतःही श्वास रोखायचा, डोळे मेल्यासारखे थिजायचे. सुई निघाली की म्हणायचा, "घ्या आता."

रिपोर्टातून आजार कळला, मी बरा झालो. पुढे तो म्हातारा बाजारात कमानिया गेटपाशी दिसायचा, लांबूनच हात करायचा. एकदा मात्र जवळ आला आणि त्याच बरगडीवर तळहात टेकवला.

"काहून बोलून नाही राहिले, भैया?"

माझी छाती हलेना. बाजार अंधारत गेला. तो शांतपणे बघत होता.

"घ्या आता," तो म्हणाला, तेव्हा कुठे हवा आत आली.