लोड होईपर्यंत एक माळ

आमच्या घरात मिक्सर लावायचा तर आधी विचारावं लागे. स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यामध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीला लागून वन्संचं टेबल. टेबलावर त्यांचा काँप्युटर.

"लावू का हो?" मी आतून ओरडायचे.

"थांब, लोड होतंय!"

मग वाटण तसंच भांड्यात ठेवून मी हात पुसायचे आणि माळ घ्यायचे. एक माळ जपून होईस्तोवर खेळ लोड झालेला असायचा. आजवर माझ्याकडून देवाचं जितकं नाव घेतलं गेलं, त्यातलं निम्मं तरी त्या यंत्रामुळे. देवाने ते कुठल्या खात्यात धरलं असेल ते त्यालाच माहीत.

हा काँप्युटर हल्लीसारखा नव्हे. जाड वहीएवढी काळी पेटी, त्यावर खोडरबरासारखी मऊ बटणं. पडदा म्हणून घरातलाच टीव्ही, आणि खेळ साध्या गाण्याच्या कॅसेटवर. टेप सुरू केला की आधी एक लांब शिट्टी, मग पत्र्यावर खिळे ओतावेत तशी किरकिर. ती चार-पाच मिनिटं चाले. तेवढ्यात मिक्सर फिरला, विजेने डोळा मारला की सगळं मुसळ केरात. पुन्हा रिवाइंड, पुन्हा शिट्टी.

वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एकतीस वर्षं टायपिस्ट होत्या. "आपल्या भागातील पाण्याचा दाब कमी असल्याबाबत" ही ओळ त्यांनी किती हजार वेळा टाइप केली असेल! त्यांची बोटं बघायला लोक टेबलाशी थांबत म्हणे. कचेरीत त्यांना टकटक म्हणत, आणि तेच नाव यांनी घरात आणलं. लग्न झालं नाही. एका ठिकाणाहून नकार आला, दुसऱ्या ठिकाणी त्यांनी दिला, आणि तिसरं कुणी आणलं नाही. काँप्युटर घरात आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "दिवसभर बटणं बडवून येतेस आणि घरी येऊन पुन्हा बटणंच?"

"आई, तिथे मी बटणं दाबते तेव्हा कुणाकडेच पाणी येत नाही. इथे निदान बेडूक तरी उडी मारतो."

संध्याकाळी साडेपाचला त्या येत. हातपाय धुवायच्या, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात ठेवायच्या आणि तासभर खेळायच्या. त्या तासात त्यांच्याशी कुणी बोललेलं चालत नसे. पूजेला बसलेल्या माणसासारखंच. मी एकदा तसं म्हणाले तर त्या हसल्या नाहीत. "तसंच आहे ते," म्हणाल्या.

खेळांची मूळ नावं परक्या भाषेत. वन्संनी आपली नावं ठेवली होती. विटा. बेडूक. खाण, तिच्यात वीस गुहा, आणि एका दिव्यानिशी एक बुटका माणूस. मालगाडी, जिच्यात रूळ आपणच बदलायचे आणि गाड्या एकमेकींवर आदळू द्यायच्या नाहीत. आणि बेट. बेटात चित्रच नव्हतं. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं: तुम्ही समुद्रकिनारी आहात, उत्तरेला वाट आहे, इथे एक दोरी पडली आहे. आपण दोन शब्दांत हुकूम टाइप करायचा. दोरी घे. उत्तरेला जा. तिसरा शब्द त्या यंत्राला कळत नसे.

"हा खेळ रटाळ," वन्सं म्हणायच्या. "कचेरीतला पत्रव्यवहार बरा." तरी वर्षातून एकदा तरी लावायच्याच.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत बिघाड निघाला. डॉक्टरांनी कागदावर गोल काढून मधला भाग पेनने काळा केला. "हे जाणार. कडा राहतील. किती दिवसांत, ते सांगता येत नाही."

 रिक्षात, घराच्या वळणावर वन्सं म्हणाल्या, "म्हणजे आता मला लोकांचे कानच दिसणार. तोंडं तशीही कुठे बघण्यासारखी आहेत म्हणा."

घरी आल्यावर त्यांनी मला वही काढायला लावली. रोज चार ओळी लिहायची मला सवय आहे, त्यामुळे वही हाताशी असते. "लिही. डोळे आहेत तोवर खेळण्याजोगे खेळ. बाकीच्यांत आता वेळ घालवायचा नाही."

"खेळण्याजोगा म्हणजे कसा हो?"

"ज्यात मेल्यावर चूक आपलीच होती हे कळतं, तो. कचेरीत ते कधी कळलं नाही."

मी लिहिलं. पहिली खाण. दुसरी मालगाडी. तिसऱ्या विटा. बेडूक त्यांनी आढेवेढे घेत चौथा घातला. मी पेन धरून बसले. पाचवं नाव कुठलं येईल ते मला ठाऊक होतं. कारण डोळे गेल्यावर खेळता येईल असा एकच खेळ त्या घरात होता. अक्षरं मी वाचून दाखवायची, बोटं त्यांची. टायपिस्टला बटणं बघावी लागत नाहीत. तो खेळ बेट. आणि बेट मी मारलं होतं.

ते सांगते. वीसेक वर्षांपूर्वी रेडिओवर एका प्रवचनकारांची मालिका लागे. शेवटचं प्रवचन मला टेप करून हवं होतं आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. वन्सं कचेरीत. त्यांच्या खोक्यातली बेटाची कॅसेट काढून मी स्वयंपाकघरातल्या माझ्या रेडिओ-टेपवर लावून पाहिली. किरकिर आली, पण बसकी, घोगरी, म्हातारीच्या घशासारखी. इतकी वर्षं भिंतीआडून ऐकून माझा कान तयार झाला होता. कुठली किरकिर लोड होणार आणि कुठली मध्येच दगा देणार, हे मी जप करता करता सांगायचे, आणि वन्संही मानायच्या. मी ठरवलं, हा खेळ मेला. कॅसेटच्या पाठीवरचे दोन तुकडे मोडलेले होते, म्हणजे तिच्यावर टेप करायचं नाही अशी ती खूण. पण त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की पुन्हा टेप होतं, हेही मला वन्संनीच शिकवलेलं. लावली.

दुसऱ्या दिवशी टेप फारच रेंगाळायला लागला म्हणून त्यातले सेल बदलले आणि भक्तिभावाने प्रवचन लावलं. प्रवचनकार उंदरासारखे चिरकत, धापा टाकत धावायला लागले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सेल उतरले होते. टेप हळू फिरत होता. म्हणून किरकिर घोगरी वाटली. खेळ धडधाकट होता.

त्या दिवशीच्या वहीत एवढंच आहे: "आज सेल बदलले." देवापुढे बसून रोज खरं लिहिणारी मी! कॅसेट खोक्यात तळाशी ठेवून दिली. वन्संनी पुढे कधी बेटाचं नाव काढलं नाही, आणि मी म्हटलं, बरं झालं.

आता यादी चारवर थांबली होती. "आणि काही?" मी विचारलं.

"नाही. चार पुरेत."

मी वही मिटली. माझी सुटका झाली असं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

पुढचे सात महिने खेळ एकेक करून गेले. खाण पहिली गेली. आजवर त्या एकोणिसाव्या गुहेपर्यंत पोचल्या होत्या. आता चौथीतच तो बुटका त्यांना दिसेना. "दिव्याखालीच अंधार," म्हणाल्या आणि ती कॅसेट मला उचलून ठेवायला सांगितली. मालगाडी आवाजावरून थोडी चालली. बेडूक एका रविवारी संपला. विटा उरल्या, कारण चेंडू कडेला आला की दिसे. मग तोही दिसेना. हे मध्ये मध्ये येऊन म्हणायचे, "टकटक, रेडिओ ऐकत जा की." त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. कळलं असतं तरी काय केलं असतं!

मीही दमले होते. दोन माणसांची औषधं, डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब, सगळं जिथल्या तिथे ठेवायचं, कारण वस्तू वीतभर सरकली की वन्संना सापडत नाही. गुडघे बोलत होते. माळ हातात घेतली की डुलकी लागे.

एका दुपारी मी वाटण घेऊन सवयीने ओरडले, "लावू का हो?"

उत्तर आलं नाही. बाहेर येऊन पाहिलं. टीव्ही बंद. काँप्युटर बंद. वन्सं नीट ताठ बसलेल्या, घड्याळ उजव्या कोपऱ्यात, आणि बोटं त्या मऊ बटणांवर ठेवलेली. काही दाबत नव्हत्या. नुसती ठेवलेली.

मी त्यांच्यासमोर फरशीवरच बसले. "वन्सं, बेट मी घालवलं. त्याच्यावर प्रवचन टेप केलं. वीस वर्षं झाली. तुम्हाला आज ते खेळता आलं असतं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अगं, त्याच वर्षी लावलं होतं मी. शिट्टीच्या जागी तुझे बुवा! काय पळत होते! एवढी कसली घाई मोक्षाची? मी पटकन आवाज बारीक करून इथे तोंडात पदर कोंबून हसत होते, आणि तू भिंतीपलीकडे माळ ओढत होतीस, काहीतरी लोड होतंय म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबले. मग विसरले. मग आठवलं, तेव्हा कंटाळा आला होता." त्यांनी बोटं उचलून मांडीवर घेतली. "यादीच्या दिवशी मुद्दाम नाव घेतलं नाही. तुझा श्वास ऐकू येत होता मला. म्हटलं, कशाला छळायचं बाईला."

मला रडू आलं, त्यांना नाही. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "वही आण. बेट पाठ आहे मला. मी सांगते, तू लिही. मग तू यंत्र हो."

पाच दुपारी आम्ही बेट उतरवलं. एकतीस जागा. दोरी कुठे, दिवा कुठे, कुठल्या विहिरीत उतरलं की मरण. सहाव्या दुपारी खेळायला बसलो. वन्सं बंद बटणांवर टाइप करायच्या, तोंडाने हुकूम सांगायच्या आणि मी वहीतून वाचायचे. दहा मिनिटांत त्यांनी हात झटकले.

"हे सगळं मीच तुला सांगितलंय. पुढे काय ते मला ठाऊक आहे. यात काय खेळायचं? नवं सांग."

"मला कुठून सुचणार हो नवं? चार ओळींपलीकडे कधी लिहिलंय का मी?"

"मग घरातलं सांग. तेच मला आता दिसत नाही."

ओट्यावर कढई तापत होती. मी आत जाऊन भाजी टाकली आणि भिंतीपलीकडून सुरुवात केली. "तुम्ही मधल्या खोलीत आहात. पश्चिमेला खिडकी. खिडकीत यांचा टॉवेल, नेहमीसारखा ओलाच टाकलेला. तुमच्या डाव्या हाताला एक खुर्ची आहे, सकाळी मी सरकवली."

"तरीच आपटले मी." टकटक. "खुर्ची सरकव."

"सरकवली. दक्षिणेला स्वयंपाकघराचं दार."

"दक्षिणेला जा." टकटक. "इथे काय आहे?"

मी आजूबाजूला पाहिलं. "ओटा. कढई. वाटण राहिलंय. आणि ओट्याशी एक बाई उभी आहे."

"कशी आहे?"

खोटं सांगायचं नव्हतं. "दमली आहे."

 भिंतीपलीकडे बटणं वाजली. थोडीच.

"काय टाइप केलंत?"

"बस जरा."

दोनच शब्द होते, यंत्राला कळण्यासारखे. मी गॅस बारीक केला आणि दाराशी पाट टाकून बसले. त्या पुढचा हुकूम देईनात, मीही उठले नाही. भाजी खालून थोडी लागली.