हळदीची दारू

खडवलीकडच्या अख्ख्या पट्ट्यात बेंजो वाजवावा तर महिपतनेच. त्याचा बेंजो सुरू झाला की हळदीच्या मांडवात बसून राहायची कुणाची टाप नव्हती. एक शालन तेवढी बसून असायची. बायकोला नाचायची आवड नाही, असं महिपतचं पक्कं मत होतं.

मध्यंतरी गावात विद्यापीठाची माणसं आली. लोक किती पितात आणि त्यांना आजार कोणते, याचा अभ्यास चालला होता. अमृता नावाच्या मुलीने ओट्यावर बसून विचारलं, "काका, दारू घेता?"

"छे! आपण त्यातले नाय."

"आणि हळदीला?" आतून शालन म्हणाली.

"हळदीची कुठे दारू असते? तो मान असतो!" महिपत मनापासून चिडला. यजमानाने बेंजोवाल्यापुढे भरला ग्लास ठेवायचा आणि मगच पहिलं गाणं, ही इकडची रीत. आता लग्नसराईत रोज कुठे ना कुठे हळद असते, त्याला महिपतने काय करावं?

अमृताला हसू आवरेना. तिने रक्त तपासायला नेलं, त्यात दोष निघाला, मग कल्याणला सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "लिव्हरला सूज आहे. आत्ता सोडलीत तर भरून येईल. थेंबसुद्धा नको."

महिपतला लिव्हरपेक्षा बेंजोचीच काळजी लागली. घोट पोटात गेल्याशिवाय त्याने कधी तारेला हात लावला नव्हता. बोटं चाललीच नाहीत तर? आणि ग्लास परत केला तर यजमान काय म्हणेल?

सीतारामच्या मुलीची हळद आली. सीतारामने रीतसर ग्लास आणून ठेवला. महिपतने तो कपाळाला लावला, दोन थेंब जमिनीवर सोडले आणि बाजूला सारला. "सीताराम, लिव्हर सुजलंय माझं. ताक असेल तर दे."

"अरे, मग आधी बोलायचंस ना!" सीताराम ताकासाठी आत ओरडला. एवढंच. महिपतने उगाच चार रात्री झोप घालवली होती.

पहिल्या गाण्याला बोटं अडखळली, घाम फुटला. दुसऱ्याला सुटली. तिसऱ्याला त्याने मान वर केली आणि बघतच राहिला. बायकांच्या घोळक्यात मधोमध शालन नाचत होती. पदर खोचलेला, गाल हळदीने पिवळे, आणि पाय असे की पोरींनी जागा करून द्यावी.

घरी जाताना त्याने विचारलं, "तुला नाचायला आवडतं?"

"आवडायचंच की."

"मग इतकी वर्षं बसून का असायचीस?"

बेंजोची पेटी या हातातून त्या हातात घेत शालन म्हणाली, "मी पण नाचत बसले असते, तर तुमाला धरून घरी कोन आणणार होता?"